शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नसताना जळगावात मैफलीला जाऊन बसावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: राग ओळखता येत नसताना मैफल रंगते का, आणि जळगावात अशी निवांत संध्याकाळ घालवायला कुठे जावं. पण मध्येच एक वाक्य टाकलंय, "सुरुवातीची वीस मिनिटं नुसती टुंगटुंग आणि ठाकठोक चालते, ती टाळून उशिरा गेलं तर चालेल का?" मी लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. नाही चालणार. मैफल तिथेच सुरू होते.

तंबोऱ्याच्या चार तारा. पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या (सा), चौथी खर्जाची म्हणजे खालच्या सा ची. आधी जोड लावतात, मग खर्ज, मग पहिली. खुंटीने ढोबळ स्वर आणायचा, खालच्या मण्याने बारीक करायचा आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी घुमार, उघडायची. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंटी सुटते. म्हणून खडूची भुकटी जवळ ठेवावी लागते. जोड एकजीव झाली आणि जवारी उघडली की खर्जाच्या तारेतून एक स्वर आपोआप ऐकू यायला लागतो. तो गंधार (ग). कुठल्याच तारेवर तो लावलेला नसतो. तो कानाला लागला की समजायचं, तंबोरा लागला. राग ओळखता येण्याआधी हे ऐकता येतं, आणि पहिल्याच मैफलीत येतं.

दुसरा फायदा सांगतो. पहिल्या तारेकडे लक्ष ठेवा. ती पंचमावरून उतरवून मध्यमावर आणली तर मालकंससारखा पंचम नसलेला राग येतोय. निषादावर लावली तर मारवा, पूरिया यांतलं काही असण्याची शक्यता मोठी. पुकारा होण्याआधी एवढं तुम्हाला कळलेलं असेल, आणि म्हणता कळत नाही!

आता ठाकठोकीचं. उजव्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, गायकाच्या षड्जाला लावतात. मोठा फरक असेल तर चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून, बारीक असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडी मारून. वरून मारली की स्वर चढतो, खालून वर मारली की उतरतो. पुडीला सोळा घरं असतात, एका घराचा स्वर बरोबर म्हणजे पुडी लागली असं होत नाही. फिरून फिरून बघावं लागतं. याला वेळ लागतो आणि लागलाच पाहिजे.

आणि हा वेळ खातं कोण? सत्कार. आपल्याकडे होतं ते असं. सहाला कलाकार आतल्या खोलीत वाद्यं जुळवून ठेवतात. साडेसहाला वाद्यं रंगमंचावर येतात, दिवे पूर्ण लागतात. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सात जणांना शाल-श्रीफळ, दोन मनोगतं. वाद्यं पाऊण तास दिव्यांखाली तापत पडलेली. तार तापली की लांबते, ताण सुटतो, स्वर उतरतो. पुडी तापली की सुकते, आवळते, स्वर चढतो. म्हणजे एकाच उष्णतेने तंबोरा खाली गेला आणि तबला वर. गायक बसतो, पुन्हा जुळवायला घेतो, तोवर निवेदक घाईने म्हणतो, "कलाकार वाद्यं जुळवत आहेत तोपर्यंत आपण आणखी एक सत्कार उरकू." माईकवर नावं पुकारली जात असताना जोड कशी ऐकू येणार? शेवटी गायक तसाच सुरू करतो आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं, जी आलापीची म्हणजे संथ स्वरविस्ताराची, सगळ्यात नाजूक, ती वाया जातात. श्रोते म्हणतात, आज आवाज लागला नाही. आवाज लागलेला असतो. तंबोरा उतरलेला असतो.

उपाय साधा आहे. सत्कार मध्यंतरात घ्या, किंवा आधी उरकून पडदा पाडा, दिवे अर्ध्यावर आणा आणि वीस मिनिटं शांतता द्या. हे सांगितलं की आयोजकांकडून ठरलेलं उत्तर येतं, "इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावा ना, तो उतरत नाही." उतरत नाही हे खरं. पण त्यात जवारीचा श्वास नाही. माझं मत स्पष्ट आहे: खर्चाला पैसे कमी असतील तर हार-तुरे कमी करा, तंबोरे नाही.

मैफल सुरू झाल्यावर राग शोधत बसू नका, सम शोधा, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा. विलंबित म्हणजे संथ लयीतला ख्याल बहुतेक वेळा एकतालात असतो, बारा मात्रा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. लय फार संथ असेल तर एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागतं. "धागे तिरकिट" दोनदा येतं, नवखा तिथेच फसतो. खूण डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याची. पाचव्या मात्रेपासून डग्ग्याची घुमार थांबते, नवव्याला परत येते. परत आली की चार मात्रा मोजा आणि सम. ख्यालाचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, हीही साधारण तिथेच, शेवटच्या एक-दोन मात्रांत उचलतात. पाच-सहा आवर्तनांत हे बसतं. भजनी मंडळात टाळ धरलेल्या किंवा वही गायनात, म्हणजे आपल्याकडच्या लोकगायनात, डफाला साथ केलेल्या माणसाला तर शिकवावंही लागत नाही. म्हणून "खानदेशात शास्त्रीय ऐकणारा माणूस नाही, त्यासाठी पुणंच गाठावं लागतं" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूब खाँकडे घेतले. ऐकणारा माणूस इथे आहेच, त्याला जुळलेलं गाणं ऐकवत नाहीत एवढंच.

पहिली रांग घेऊ नका. तिथे स्पीकर डोक्यावरून जातात आणि तबला गाण्याला खातो. मिक्सर ठेवलेला असतो त्याच्या पुढची दोन-तीन रांगांतली मधली जागा धरा, साउंडवाला ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल. उठायचं तर राग संपल्यावर. आधी पोटभर भरीत-पुरी खाऊन येऊ नका, विलंबितात डोळे मिटतील आणि दोष गायकाला जाईल. भरीत नंतर.

कुठे, तर जानेवारीत छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तो चुकवू नका. पण सुरुवातीला त्याहून बरं म्हणजे गुरुपौर्णिमेच्या सुमारास गायनाच्या क्लासचे कार्यक्रम. तीस-चाळीस माणसं, सतरंजी, तंबोरा दहा फुटांवर. मुलं चुकतील, पण सम आणि जवारी या अंतरावरून जितकी कळते तितकी हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये कळत नाही. तेव्हा हवा दमट असते आणि पुडी उतरते, त्यामुळे तिथे ठाकठोक जास्तच ऐकायची तयारी ठेवा. उघड्यावरची मैफल असेल तर ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे एरवी दहाला आटोपते, त्यामुळे दरबारी, मालकंस हे रात्री उशिराचे राग वाट्याला कमी येतात. तोडी, भैरव हे सकाळचे राग ऐकायचे तर दिवाळी पहाट शोधा.

दोन गोष्टी वर जरा जोरात लिहिल्या गेल्या. एलईडी दिवे आल्यापासून वाद्यं पूर्वीइतकी तापत नाहीत. सत्काराचा गोंगाट मात्र तेवढाच आहे. आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरच्या रियाजाला जरूर वापरा. गायकाचा षड्ज लावून रोज दहा मिनिटं नुसता ऐकलात तरी हॉलमध्ये तंबोरा उतरलाय की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल.