माजी सैनिक गावात परतल्यावर नेमकं करतात तरी काय?

प्रश्न असा आहे: लढाई पाहिलेला एखादा माजी सैनिक तुमच्या ओळखीत आहे का, आणि फौजेतून आल्यावर त्यानं गावासाठी काय केलं?

आहे. माझे आबाजी, म्हणजे आजोबा. वय कागदावर 81, खरं दोनेक वर्षं जास्तच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना सुचली ती तारीख लागली. गाव वर्धा जिल्ह्यात, पुलगावपासून हाकेच्या नाही, पण आवाजाच्या अंतरावर. त्या आवाजाचं पुढे सांगतो.

1962 च्या चीन युद्धानंतर फौज वाढवायला घेतली, त्या लाटेत 1963 साली आबाजी तोपखान्यात लागले. ट्रेनिंग नाशिक रोडला. 1971 च्या पाकिस्तान युद्धात त्यांची तुकडी राजस्थानातल्या बाडमेरकडून पाकिस्तानच्या सिंधात शिरली: आपल्या हद्दीतलं मुनाबाव, पलीकडचं खोखरापार, पुढे नया छोरच्या दिशेनं नुसती वाळू. 17 डिसेंबरला गोळीबार थांबला, पण घेतलेला मुलूख लगेच सोडला नव्हता. सिमला करार झाला 1972 च्या जुलैत आणि फौज मागे यायला ते वर्ष सरलं. म्हणजे लढाई चौदा दिवसांची आणि वाळवंटातला मुक्काम वर्षभराचा. लोकांना हे सांगितलं की पटत नाही.

लढाईचं विचारलं तर ते दोनच गोष्टी सांगतात. पहिली, पंचवीस पाउंडर तोफ डागताना कानात कापसाचे बोळे कोंबायचे. "आपल्याकडचा कापूस तेथंयी पिच्छा सोडे ना," असं म्हणून स्वतःच हसतात. डावा कान तरी गेलाच. दुसरी गोष्ट पाण्याची. माणशी मोजून मिळायचं, त्यातच दाढी, त्यातच तहान. शौर्यकथा ऐकायला आलेली पत्रकार पोरं ह्यावर नाराज होऊन जातात.

1982 मध्ये हवालदार होऊन घरी आले. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचे. (आता गाव मुद्दाम 'कॅप्टन' म्हणतं.) चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. सरपंचकीला एकदा उभे राहिले आणि सपाटून पडले. माझ्या मते बरंच झालं. निवडून आले असते तर गावानं त्यांना पहाटे पाचच्या हजेरीपायी पाच वर्षंही सोसलं नसतं.

खरं काम एका वहीत आहे. 1983 पासून दर महिन्याच्या एक तारखेला ते गावच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडतात, पाणी किती फुटांवर आहे ते लिहितात, बाजूला शेरा. सरकारचे भूजलवाले आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, आमचे आबाजी बारादा. गावातले लोक आधी हसायचे. पुढे एकदा टंचाईच्या बैठकीत साहेब म्हणाले, तुमच्याकडे पाणी आहेच की. आबाजींनी वही उघडली आणि मागचे आठ उन्हाळे वाचून दाखवले. टँकर आला. त्यानंतर नाल्यावर मातीचे बांध कुठे घालायचे, कोणाच्या शेतात बोअर नको, ही भांडणं वहीसमोर बसूनच झाली. घरोघरचे शोषखड्डेही त्यातच मांडलेले: कुणाचा झाला, कुणाचा राहिला, कुणी नुसता फोटोपुरता खणला. कुटुंबातली माणसं किती, तेही. ही यादी फार उपयोगी पडली, तेही सांगतो.

दारूबंदीत मात्र ते हरले. आमचा जिल्हा गांधीजींचा म्हणून कागदावर कोरडा, आणि मोहाची बारोमास मिळते. बचत गटाच्या बायांना घेऊन त्यांनी दोन-तीन भट्ट्या फोडल्या. तेव्हा एका बाईनं चारचौघांत विचारलं, "आबाजी, आन् तुमची कामठीच्या क्यान्टीनची बाटली?" फौजेच्या कॅन्टीनमधली ती बाटली गुडघ्याला चोळायला होती असं ते म्हणतात. अर्धी तरी पोटात जात असणार. त्या महिन्यापासून बाटली बंद झाली. भट्ट्या काही बंद झाल्या नाहीत.

भरतीच्या पोरांना कॅनॉलच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळवणं अजून चालू आहे, आता खुर्चीवर बसून, हातात घड्याळ. अग्निवीर आल्यापासून कुरकुरतात. "चार वर्सात पोट्ट्याले बूट बसत नाई, आन् चारातल्या तिघाईले घरी धाडतेत." तरी पळवतातच. घरी हा माणूस सोपा नव्हता, हेही लिहायला हवं. माझ्या बाबांशी ते तीन वर्षं बोलत नव्हते, कारण बाबांनी वहीत नसलेल्या जागी बोअर मारली होती.

आता आवाजाचं. 30 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे 31 तारीख लागल्यावर, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात आग विझवणाऱ्यांसह सोळाच्या वर माणसं गेली. आमच्या घराची कवाडं हादरली, लोक छतावर चढून लाल आभाळ बघत होते. मी सुट्टीत गावीच होतो. एका कानानं बहिरा माणूस सगळ्यांत आधी अंगणात आला. "साठा उडून रायला. खाली उतरा, काचेपाशी नोका थांबू, निंगा!" मग वही काढली. बॅटरीच्या उजेडात घरागणिक माणसं मोजत ट्रॅक्टरवर चढवली. एका घरात पाच लिहिले होते आणि आले चार. म्हातारी शेळ्या सोडायला मागे गेली होती. आबाजी मला घेऊन परत फिरले. चालताना त्यांनी माझा दंड धरला होता आणि हात थरथरत होता. तो आधारासाठी होता की भीतीनं, मी विचारलं नाही. म्हातारी सापडली, शेळ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी बायकापोरं अजून नातेवाइकांकडेच होती. तारीख 1 जून. आबाजी दोरी घेऊन विहिरीवर गेले. त्या दिवसाची नोंद मी नंतर पाहिली. पाणी 41 फूट. शेरा: गाव रिकामं, उपसा नाही.