तुमचे प्रश्न : डिस्कस दाणा तोंडात घेतात अन् थुंकतात

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी परभणीचा. दिवाळीनंतर संभाजीनगरहून डिस्कस माशांची सहा पिल्लं आणली, अडीच इंचाची असतील, किंमत घरी अजून खरी सांगितलेली नाही. टाकीत आधीचे दोन गोल्डफिश आहेत. पेलेट (माशांचा तयार दाणा) टाकले की डिस्कस तोंडात घेतात अन् लगेच थुंकतात, गोल्डफिश सगळं फस्त करतात. दुकानदार म्हणतो जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) द्या, नेटवर म्हणतात बीफ हार्ट (गुरांच्या हृदयाचं मांस) द्या. नेमकं काय अन् किती वेळा द्यायचं? आणि लग्नासाठी तीन-चार दिवस गावाकडं जायचंय, तेव्हा काय करू?

उत्तर : भाऊ, खाण्याचं नंतर बघू, आधी पाण्यात थर्मामीटर टाका. डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, त्याला २८ ते ३० डिग्री पाणी लागतं, अन् परभणीची थंडी तुम्हाला मी काय सांगायची, त्यात रात्री लाईट गेली की हीटर बंद अन् सकाळी मासा काळवंडून कोपऱ्यात उभा. गार पाण्यात त्याची भूकच मरते, मग काजू-बदाम टाकले तरी तोंड लावणार नाही.

दुसरं, गोल्डफिश आजच वेगळे करा. त्यांना गार पाणी पाहिजे, यांना गरम, वरून ते हावरट. डिस्कस निवांत जेवणारा, खाली पडलेल्या दाण्याजवळ जाईल, तोंडानं पाण्याची फुंकर मारून वाळू उडवेल, मग दाणा उचलेल, तोवर बाकीच्यांची पंगत उठलेली असते.

थुंकतात म्हणजे आजारीच आहेत असं नाही. तोंड बारीक, दाणा मोठा अन् कडक. बारीक पेलेट घ्या, टाकीतल्याच पाण्यात पाचेक मिनिटं भिजवून टाका. तरी नाही खाल्लं तर फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) वाटीत वितळवून, जाळीत धुऊन थोडे द्या अन् हळूहळू त्यात पेलेट मिसळत जा. फक्त रोज वेगळ्या खाद्याचा डबा उघडू नका, त्यानं नखरे वाढतात. पण पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, रंग काळा पडला अन् खाणं बंद झालं तर ते आतड्यातल्या परजीवींचं लक्षण असू शकतं, तेव्हा जाणकाराला दाखवूनच औषध करा.

जिवंत ट्युबिफेक्स मी तरी देणार नाही, तो गटारीच्या गाळात वाढतो, सोबत काय काय घेऊन येईल सांगता येत नाही. बीफ हार्टचं म्हणाल तर आपल्याकडं महाराष्ट्रात गाईंच्या जोडीला २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, अन् तसंही जंगलातला डिस्कस शेवाळ, कुजलेला पाला अन् बारीकसारीक किडे खाऊन जगतो. हार्टनं वाढ पटकन होते म्हणून ब्रीडर देतात, पण पाणी लवकर खराब होतं. त्यापेक्षा घरीच करा : सोललेली कच्ची कोळंबी (मीठ लावलेला सुका जवळा नको), तेवढंच रोहूचं काटे काढलेलं मांस, थोडे उकडलेले साल काढलेले वाटाणे, चमचाभर स्पिरुलिना (हिरवट शेवाळाची) पावडर, मिक्सरमधून बारीक करा, गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन घाला, पिशवीत पातळ थापून फ्रीजरला टाका. तेल, मीठ, मसाला काहीच नको. पाहिजे तेवढा तुकडा मोडायचा अन् द्यायचा.

अडीच इंचाच्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, मोठ्यांना दोन-तीन वेळा पुरे. दहा-पंधरा मिनिटांत जे उरेल ते नळीनं ओढून काढा. एवढं खाऊ घालायचं तर पाणीही बदलावं लागतं, अन् आपल्याकडं नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून एक ड्रम भरून क्लोरीन उडालेलं पाणी हाताशी ठेवा. तेवढं जमत नसेल तर मासे कमी ठेवा, सरळ सांगतो. टाकीतलं जुनं पाणी कुंड्यांना घाला. बोअरच्या जड पाण्यातही फार्मवर वाढलेले डिस्कस जगतात, फक्त आज बोअरचं अन् उद्या आरओचं असं करू नका.

गावाला जाताना मोठे डिस्कस तीन-चार दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, तुमच्या पिल्लांना मात्र तसं ठेवू नका. शेजाऱ्याला सांगा, पण आख्खा डबा हातात देऊ नका, वेळेगणिक कागदी पुड्या बांधून वर तारीख लिहा, अन् लाईट गेली तर इन्व्हर्टरवर हवेचा पंप चालू राहील एवढं बघून निघा.