समुद्रतळावरचे जीव जाळ्याने गोळा करणं मासेमारीसारखंच असतं का? प्राणिशास्त्र शिकलेल्याने या कामात यावं का?

जाळं सोडेपर्यंत मासेमारीच समजा. फरक पडतो तो जाळं वर आल्यावर. अरबी समुद्रातल्या तीन सफरींवरून सांगते.

आम्ही बहुतेक वेळा अगासिझ ट्रॉल, म्हणजे लोखंडी चौकटीला बांधलेलं, तळावरून ओढायचं जाळं वापरायचो. त्याची चौकट दोन्ही बाजूंनी सारखी असते, त्यामुळे तळावर कशीही पडली तरी काम करते. हजार मीटर खोलीला साधारण अडीच हजार मीटर वायर सोडतात. तळावर ओढायचं जेमतेम अर्धा तास, पण सोडणं आणि वर घेणं धरून तीन तास सहज जातात. खाली काय चाललंय ते दिसत नाही, सगळ्यांचे डोळे वायरवरचा ताण दाखवणाऱ्या काट्यावर.

माझ्या पहिल्याच खेपेला वायर जास्त सुटली आणि जाळं चिखलाने गच्च भरून आलं. रात्रभर पाइपाने पाणी मारत आम्ही तो गाळ चाळण्यांतून धुतला. पहाटे चाळणीत एक ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचा बारीक हातांचा भाऊबंद, दिसला. मधली चकती नखाएवढी, भोवती केसांसारखे पाच हात, पाचही शाबूत. हे हात जरा धक्का लागला तरी तुटतात, म्हणून त्याला चमच्याने उचलून ताटलीत ठेवताना माझा श्वास अडकला होता.

पुढचं काम घाईचं, पण बिनचूक व्हावं लागतं. आधी फोटो, कारण रसायनात रंग उडतात. फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो, म्हणून काही नमुने अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायची; पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरचं लेबल सुटून पडतं. त्या पहाटे एका बाटलीत चिठ्ठी टाकायची राहिली. आतली समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा तळावरचा प्राणी) सुरेख होती, पण कुठल्या ठिकाणची, किती खोलीवरची हे सांगता येईना, म्हणून नोंदीतून बाद करावी लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

जाळ्याने मोजदाद मात्र होत नाही. त्यासाठी ग्रॅब (तळाचा घास घेणारा जबडा) किंवा बॉक्स कोरर (गाळात रुतणारी पेटी) टाकून ठरावीक क्षेत्रफळाचा गाळ आणतात. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी असतो. तिथे आमचं जाळं जवळजवळ रिकामं आलं. ते तळाला टेकलंच नाही असं मला वाटलं, पण चौकटीला ओला चिखल होता. तिथलाच ग्रॅबचा गाळ ३०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.३ मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून काढला, तर त्यात दोऱ्यासारखे बारीक पॉलिकीट किडे वळवळत होते.

या कामात जरूर या. गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ‘सागर संपदा’ जहाज चालवणारं कोचीचं केंद्र, दोन्हीकडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तोवर ओहोटीला खाजणातला मूठभर चिखल चाळून त्यातले किडे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून बघा. दोन-तीन तास मान खाली घालून बसणं आवडलं, तर जहाजावरचं काम तुम्हाला मानवेल.