तलावाकाठची फरसबंदी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अलिबागजवळ घरामागे ८ बाय ४ मीटरचा पोहण्याचा तलाव बांधून झाला आहे. भोवती १.२ मीटर रुंद फरसबंदी करायची आहे. कंत्राटदार पॉलिश कोटा सुचवतात, घरच्यांना जांभा हवा आहे. काय घ्यावे?

उत्तर : दोन्ही नकोत. पॉलिश कोट्यावर ओला पाय ठरत नाही. शिवाय कोटा चुनखडीचा दगड आहे. पाण्याचा पीएच उतरवायला आम्ल वापरतात, ते सांडले की कोट्याला कायमचा पांढरट डाग पडतो. जांभा पाणी पितो आणि कोकणच्या पावसात त्यावर शेवाळ धरते. फ्लेम फिनिशचा (ज्योतीने खरखरीत केलेला) ग्रॅनाइट घ्या, नाहीतर खरखरीत पृष्ठभागाचे ६० मिमी जाडीचे सिमेंटचे पेव्हर. रंग फिकाच हवा. काळा दगड एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही, लहान मुलांना तर नाहीच. नमुना घरी आणून उन्हात ठेवा, मग ओला करा आणि दोन्ही वेळा त्यावर पाय ठेवून पाहा.

काठावरची ३० सेंमीची कोपिंग (तलावाच्या भिंतीवरची कडेची पट्टी) वगळता २७ चौरस मीटर जागा उरते. २०० बाय १०० मिमीचे पेव्हर चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे १,३५०. तुटफूट धरून १,४५० मागवा, एकाच लॉटचे.

खाली खडी-मुरुमाचा १५० मिमी थर, दोन वेळा टाकून प्रत्येक वेळी प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. त्याला सुमारे पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल लागेल. त्यावर ३० मिमी धुतलेली जाड वाळू, साधारण एक तृतीयांश ब्रास. दगडाची भुकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. ढाळ तलावापासून बाहेर, मीटरला २० मिमी. तो खडीच्या थरातच काढून घ्या. वाळू कमीजास्त करून आणलेला ढाळ एका पावसात बिघडतो. बाहेरच्या कडेला काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर पेव्हर बाहेर सरकून सांधे उघडतात.

प्रश्न : नाशिकला गेल्या वर्षी बसवलेले पेव्हर पावसाळ्यानंतर तलावाच्या बाजूने खचले आणि कोपिंगला भेग गेली. खाली पुन्हा वाळू भरली तर चालेल का?

उत्तर : नाही, पुन्हा खचेल. तलावाची भिंत बांधताना तिच्या बाहेर खणलेला चर बहुधा सैल मातीने एकदम भरला गेला असावा. ती माती पहिल्या पावसात बसते आणि वरचे सगळे तिच्याबरोबर खाली जाते.

मात्र आधी गळती तपासा. बादलीत तलावाचेच पाणी भरून ती पायरीवर ठेवा. आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवा आणि पंप बंद ठेवून २४ तास थांबा. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर पाणी कुठेतरी मुरते आहे. ते थांबवल्याशिवाय फरशीला हात लावू नका.

मग त्या बाजूचे पेव्हर उचला, सैल माती काढा आणि मुरूम १५० मिमीच्या थरांत थोडा ओला करून ठोकत भरा. भिंतीलगत हाताची धुमस वापरा, जड रोलर आणू नका. या कामासाठी तलाव रिकामा करायची गरज नाही. जमिनीत पाणी असताना रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.

भेगेचे कारण बहुतेक वेळा कोपिंग आणि पेव्हरमधला सांधा सिमेंटने भरणे हे असते. तलाव आणि फरसबंदी उन्हापावसात वेगवेगळ्या हलतात; कडक सांधा तो ताण थेट कोपिंगवर टाकतो. तिथे १० ते १२ मिमी फट सोडा, आत फोमची दोरी दाबा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरा. सीलंट भरताना सांधा पूर्ण कोरडा हवा, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा.