सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माल्टाला पाच दिवस जातोय. शाकाहारी आहे, खायला काय मिळेल? समुद्रकिनारे चांगले आहेत का? जुनी देवळं बघण्यासारखी आहेत की नुसते दगड?

‘नुसते दगड’ असं लिहिलं नसतंत तर मी इथे थांबलोच नसतो. किनाऱ्यांचं सांगणारे शंभर जण भेटतील. पण हे दोन शब्द मी आमच्या दादाच्या तोंडून गेली वीस वर्षं ऐकतोय आणि माल्टात तर रोज ऐकले.

आधी आमची पार्श्वभूमी सांगतो. राजापूरच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची चिरेखाण आहे. आप्पांनी सुरू केली, आता दादा चालवतो. मी बँकेत लागलो, त्यामुळे घरच्यांच्या लेखी मला दगडातलं काही कळत नाही. 2023च्या मे महिन्यात मी, ही, दादा आणि वहिनी असे चौघं माल्टाला गेलो. मुलगी तिथे नोकरीला आहे, तिच्याकडेच उतरलो. तिनं तीन महिने आधी हाल साफ्लिएनीच्या हायपोजियमची चार तिकिटं काढून ठेवली होती. पाओला नावाच्या गावात, साध्या घरांच्या रांगेत एक दार आहे आणि त्याखाली खडकात कोरलेलं तीन मजली दफनस्थान. 1902मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खणताना मजुरांना ते सापडलं. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष तिथे होते असा अंदाज आहे. श्वासाच्या दमटपणानं आतला रंग खराब होतो म्हणून दिवसाला फक्त 80 माणसं सोडतात, दहा-दहाच्या गटानं. वेळ चुकली की संपलं.

आमची वेळ दुपारी तीनची. त्याच सकाळी दादानं कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला, निळ्या पाण्याच्या उथळ खाडीत, जायचं काढलं. म्हटलं, उद्या जाऊ. ‘उद्या वारा सुटला तर?’ मग गेलो. पाणी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पांढऱ्या वाळूच्या तळावर इतकं निळं पाणी मी आधी पाहिलं नव्हतं. पण बसायला वीतभर जागा नाही, कातळावर माणसाला माणूस चिकटलेला आणि कुणाच्या तरी स्पीकरचा धिंगाणा. बारा वाजता मी म्हटलं, चला. दादा गळाभर पाण्यात. ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या बोटीनं येतो. दगड कुठे पळून जातायत?’

बोट मिळाली त्यांना, बस मिळाली नाही. उन्हाळ्यात तिथल्या बसेस भरल्या की थांब्यावर थांबत नाहीत, हात दाखवून पुढे जातात. तीन वाजून वीस मिनिटांनी दोघं दारात पोचले. आम्ही तोवर आत गेलो होतो. ही म्हणत होती, थांबू या. मी थांबलो नाही. तीन महिने आधी काढलेलं तिकीट होतं आणि मी थांबलो असतो तर चौघांचंही गेलं असतं. यावरून घरात अजून बोलणं होतं.

आत काय आहे? पिशव्या आणि कॅमेरे बाहेर ठेवावे लागतात, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नाही. उजेड मिणमिणता. एका दालनाच्या छतावर गेरूनं काढलेल्या लाल वेलबुट्ट्या आणि चक्रं आहेत, पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि रंग अजून ओळखू येतो. दुसरीकडे खडकच असा कोरलाय की वाटावं खांब उभे करून त्यावर तुळया टाकल्यात. म्हणजे वर जमिनीवर जशी देवळं बांधत, त्यांची नक्कल खाली कोरून केलेली, तीही धातूचं एकही हत्यार हाताशी नसताना. गारगोटी आणि शिंगं, बस्स. मी खाणवाल्याचा मुलगा आहे, कोपरा सरळ काढायला काय लागतं ते मला माहीत आहे. तिथे माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर आलो तर दादा-वहिनी समोरच्या बाकावर उन्हात पास्तीत्सी खात बसलेले. वहिनी म्हणाल्या, ‘भावोजी, आमची मटारची करंजीच आहे ही.’ दादा काहीच बोलला नाही, रात्री जेवतानाही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आम्हाला हाजर ईमच्या जुन्या देवळांकडे नेलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या नावातच आहे. हाजर म्हणजे माल्टी भाषेत दगड. म्हणजे हो, दगडच आहेत! माल्टी मूळची अरबीच्या कुळातली, लिपी रोमन आणि बोलणारे कडवे कॅथलिक. चर्चमध्ये देवाला ‘आल्ला’ म्हणतात. दुनियेला दिन्या, साबणाला सापून. माझा निम्मा वेळ असले शब्द वेचण्यात गेला.

हाजर ईमवर 2009पासून मोठे तंबू घातलेत, ऊन-पावसानं दगड झिजू नयेत म्हणून. कारण तो फ्रांका आहे, तिथला पिवळट मऊ चुनखडक. खाणीतून ओला काढला की करवतीनं कापता येतो, मग वारं-ऊन लागून वरून घट्ट होतो. अगदी आपल्या जांभ्यासारखा. ही माहिती मी दादाला दिली नाही, त्यानंच मला दिली. दोरी ओलांडून पुढे गेला, दगडावर हात फिरवला, तिथली बाई ओरडली, तरी एक वीत मोजलीच. मग वीस टनांच्या त्या दगडापुढे उभा राहून म्हणाला, ‘एका दगडात भरलेल्या ट्रकचा माल आहे हा. खाली गोटे घालून लोळवला असणार. पहारीनं जरा उचलायचा, गोटा सरकवायचा. आप्पा असंच करायचे.’ त्याच दुपारी तार्शीनच्या देवळांत खरोखरच असे दगडी गोळे ठेवलेले दिसले आणि त्यांचा उपयोग यासाठीच असावा असं तिथे मानतात. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मग? दगडच आहेत ना?’

आता मूळ भांडण. आमच्या सड्यावर, खाणीच्या वरच्या अंगाला, कातळशिल्पं आहेत. मासा, एक माणूस आणि चौकटीत कोरलेलं काहीतरी. लहानपणी त्यावर बसून आम्ही बोरं खाल्लीत. पंधरा वर्षांपूर्वी खाण वाढवताना दादानं त्यातला मासा उडवला. मी गावी नव्हतो. विचारलं तर म्हणाला, ‘नुसता दगड होता.’ पुढे 2022मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा मी वर्तमानपत्राचं कात्रण त्याला पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला, फोनवरचा. माल्टातली पहिली देवळं 1980पासून आणि हाजर ईम, तार्शीनसारखी 1992पासून त्याच युनेस्कोच्या मुख्य यादीत आहेत आणि अख्खा देश आकारानं मुंबईच्या जेमतेम निम्मा. त्यांनी तंबू घातले, आम्ही चिरे काढले.

असो. तुमचे किनारे. वाळूचे किनारे मोजके, बाकी सगळा कातळ, तेव्हा गणपतीपुळ्याची कल्पना करून जाऊ नका. आदिरा लांब आणि उथळ, लहान मुलं असतील तर तो. आइन तुफ्फीहाला भरपूर पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून गर्दी कमी. शेजारच्या गोझो बेटावरचा रामला मला सगळ्यात आवडला, वाळू तांबूस आहे. गोझोला फेरीबोटीनं जा आणि तिथेच ज्गंतियाची देवळं बघा. गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी. एका राक्षसिणीनं काखेत पोर घेऊन डोक्यावरून दगड आणले आणि ती बांधली, अशी तिथली गोष्ट आहे. फोटोंत दिसते ती समुद्रातली दगडी कमान शोधत फिरू नका, ती 8 मार्च 2017च्या वादळात कोसळली.

तुम्ही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाताय म्हणालात. 22-23ला तिथे असाल तर हाजर ईमच्या खालीच इम्नायद्राची देवळं आहेत. विषुवदिनी उगवता सूर्य थेट देवळाच्या दारातून आत येतो. ही देवळं सांभाळणारी सरकारी संस्था, हेरिटेज माल्टा, त्या पहाटेची वेगळी तिकिटं काढते. समुद्र तेव्हा कोमट असतो, त्यामुळे दोन्ही जमेल. कोमिनोला आता आधी नोंदणी लागते, ती बघून घ्या. शाकाहाराचं विचारलंत, तर मटारची पास्तीत्सी चालेल, पण पारीत कधी चरबी असते, विचारून घ्या.

हायपोजियम मात्र सगळ्यांना मानवेल असं नाही. कोंदट आहे, तासभर उभं राहावं लागतं आणि सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. आणि खरं सांगायचं तर दादाच्या खाणीवर बारा घरं चालतात, माझ्या कात्रणावर एकही चालत नाही.

दादा, पुतण्या तुला हे पाठवणारच आहे. माणूस आणि ती चौकट अजून सड्यावर आहेत, तिकडे यंत्र नेऊ नकोस. आणि हायपोजियमच्या दोन तिकिटांचे पैसे तुझ्याकडून यायचेत.