अंगठा दिला म्हणून हक्क जात नाही

ताई, कांदिवलीच्या साइटवर सेंट्रिंगचं सुतारकाम करणारे तुमचे पस्तीस वर्षांचे यजमान मार्च 2024 मध्ये परांचीवरून पडले आणि त्यांचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरलं, साठ हजार दिले आणि ‘हिशेब मिटला’ असं लिहिलेल्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. आता, डिसेंबर 2025 मध्ये, तुम्ही विचारता की काही करता येईल का. असा कागद माझ्याकडे दर दुसऱ्या पत्रात असतो.

त्या कागदाच्या भीतीने एकवीस महिने गेले, याचा मला राग येतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. खरी भीती कलम 10 ची धरायला हवी होती. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा. तुमच्याकडे जेमतेम तीन महिने उरलेत. उशीर माफ करण्याचा अधिकार हे दावे ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांना आहे, पण त्यासाठी सबळ कारण पटवावं लागतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली असली तरी अपघात आधीचा आहे. जुनी मुदत धरूनच चाला.

ठेकेदार फोन उचलत नाही म्हणता. दाव्यात बिल्डरलाही सामील करा. कलम 12 प्रमाणे आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मालक भरपाईला जबाबदार असतो. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. (सोसायटीच्या रंगकामात पडलेल्यांना हे इतकं सोपं नाही, कारण इमारती बांधणं किंवा रंगवणं हा सोसायटीचा धंदा नसतो.)

‘एकच हात गेला’ हे ऐकून घेऊ नका. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पूर्ण अपंगत्व धरून भरपाई दिली. पगार महिना 15,000 किंवा जास्त असल्याचं सिद्ध झालं, तर त्या हिशेबाने या वयाला 17,73,540 रुपये होतात, वर 12 टक्के व्याज. अपंगत्वाच्या टक्केवारीवर वाद होईल, आणि निकालाला किती वर्षं लागतील ते मी सांगणार नाही.

मस्टर, म्हणजे साइटचा हजेरीपट, तुमच्याकडे नसेलच. त्या दिवशी परांचीवर सोबत असलेल्यांची नावं आणि गावचे पत्ते आजच लिहून घ्या. स्लॅब ओतून झाला की ती माणसं दुसऱ्या साइटवर जातात.