पगारवाढीचा करार झाला. प्रत समेट अधिकाऱ्याकडे पाठवली होती का?

आपल्या संघटनेने मालकाशी थेट बोलणी करून तीन वर्षांच्या पगारवाढीचा करार केला, पहिल्या वर्षाची वाढ मिळाली, कारखान्याची मालकी बदलल्यावर दुसऱ्या वर्षाची वाढ थांबली आणि त्याला आता चौदा महिने झाले, असे आपण लिहिता. दोन्ही बाजू राजी असल्याने तेव्हा सरकारला मध्ये आणले नाही. आता सरकार पैसे मिळवून देईल का, हा आपला प्रश्न आहे. याच आशयाची पत्रे मला वारंवार येतात.

आपण पाठवलेल्या करारावर सगळ्या सह्या आहेत, परंतु त्याची प्रत समेट अधिकाऱ्याला, म्हणजे कामगार व मालक यांच्यात तडजोड घडवून आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, दिल्याची पोच कुठेही नाही. सारे प्रकरण इथे अडते. आपला करार 21 नोव्हेंबर 2025 रोजी औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू होण्याच्या आधीचा असल्याने तो औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 नुसारच तपासला जाईल. आणि त्या अधिनियमाच्या कलम 2 मधील व्याख्येप्रमाणे समेट कार्यवाहीबाहेर झालेला करार 'समझोता' ठरण्यासाठी त्यावर विहित पद्धतीने सह्या होऊन त्याची प्रत सरकारने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला व समेट अधिकाऱ्याला पाठवलेली असावी लागते. हाच करार समेट अधिकाऱ्यापुढील कार्यवाहीत झाला असता, तर कलम 18(3) नुसार तो सर्व कामगारांना, पुढे रुजू होणाऱ्यांना आणि मालकाच्या उत्तराधिकाऱ्यालाही बंधनकारक झाला असता. समेट अधिकारी निवाडा देत नाही, कोणावर अट लादत नाही. परंतु त्याच्यासमोरच्या सहीला कायदा जे बळ देतो, ते खासगी सहीला देत नाही. शेकडो घरांच्या पगाराचा प्रश्न असताना पदाधिकाऱ्यांनी एवढी चौकशी करायलाच हवी होती.

म्हणून आधी जुने दप्तर शोधा. पोच सापडली, तर कलम 33-सी(1) खाली सरकारकडे थकबाकीच्या वसुलीचा अर्ज करता येतो आणि सरकारची खात्री पटल्यास वसुली दाखला निघून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. मात्र हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करायचा असतो. दर महिन्याची रक्कम त्या त्या महिन्यात देय होते असे धरले, तरी आपल्या पहिल्या दोन महिन्यांची मुदत उलटलेली आहे; त्यांच्यासाठी विलंबाचे पुरेसे कारण दाखवावे लागेल, आणि 'व्यवस्थापन आश्वासन देत होते' हे कारण तोंडी आश्वासनांवर टिकेल, असे मी सांगू शकत नाही. नव्या संहितेतही ही एक वर्षाची मर्यादा कायम आहे. यापुढे गेलेला प्रत्येक महिना एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडायला लावेल.

पोच नसेल, तर कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठीच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या अधिनियमाचा मार्ग उरतो. त्याच्या अनुसूची 4 मधील बाब 9 मध्ये निवाडा व समझोत्याबरोबर 'करार' न पाळणे हीदेखील अनुचित प्रथा मानली आहे. औद्योगिक न्यायालयात तक्रार 90 दिवसांत करायची असते; करारभंग दर महिन्याला चालूच आहे, हा युक्तिवाद करता येतो, पण नवा मालक त्या कराराने बांधला जातो का, हे हस्तांतरणाच्या कागदांवर अवलंबून राहील. ते न पाहता निकालाविषयी बोलणे योग्य नाही, आणि हे प्रकरण किती वर्षे रेंगाळेल, याचा अंदाज तर कोणीच देऊ नये.

काम बंद करण्याचा विचार आपण पत्राच्या शेवटी मांडला आहे, तो तूर्त थांबवा. नव्या संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत नोटिशीशिवाय किंवा नोटीस दिल्यापासून 14 दिवसांच्या आत संप करता येत नाही, आणि समेट कार्यवाही चालू असतानाही करता येत नाही. त्याऐवजी याच आठवड्यात समेट अधिकाऱ्याकडे लेखी मागणीपत्र देऊन पोच घ्या आणि नवा मालक बोलणीला आला, तर जुन्या कराराच्या अटी त्याच कार्यवाहीत, अधिकाऱ्यासमोर, नव्याने सही करून घ्या. वसुलीच्या अर्जासाठी प्रत्येक कामगाराचे लेखी अधिकारपत्र लागेल. संघटनेचा ठराव त्याची जागा घेत नाही, म्हणून ती पत्रे आजपासूनच गोळा करायला लागा.